बिट परत द्यायचाय

मुकादमांच्या दुकानातून दीड इंची पाइप आणला,
सहा फूट, जस्ताचा मुलामा दिलेला.
स्कूटीवर आडवा धरला होता, तिठ्यावर
एसटीला वाट देताना मीच आडवी होणार होते.
ड्रिल दुमिंगकाकांचं. दहा मिलिमीटरचा बिट,
तोही त्यांचाच.
"तुटलो तर नवीन घेवन दी," एवढंच म्हणाले.

चिरा भोकाला सोपा वाटतो. नसतो.
वरून लाल, भुसभुशीत,
आणि आत मध्येच एखादा गोटा लागतो
की हात खांद्यापर्यंत बधिर.

बाबांचा उजवा हात दसऱ्यापासून तसाच आहे.
त्यांनी काही ड्रिल धरलं नव्हतं,
कुणाच्या तरी होडीचं इंजिन खोलून बसले होते ओट्यावर.
त्याचे नट अजून नरसाळ्यात आहेत.
कोणता कुठे बसतो ते त्यांनाच माहीत,
आणि सांगायला गेले की शब्द वाटेत सांडतात.

आई न्हाणीच्या दारात, नाकाला पदर.
"मेस्त्रीक बोलव म्हटलंय मा?"
मेस्त्री गणपतीनंतर येतो म्हणाला होता.
कुठल्या वर्षीचे गणपती, ते बोलला नव्हता.

हेरंब जहाजावरून रविवारी फोन करतो.
पैसे पाठवू का विचारतो.
मी नको म्हणते.
मग तो पाठवत नाही.

दिवसभर पतपेढीत मी लोकांची घरं मंजूर करते.
रात्री चौकटीची वही उघडते.

वर सड्यावर चार गुंठे आहेत, सातबाऱ्यावर नऊ नावं.
एक वारला. एक बडोद्याला, फोन उचलत नाही.
तिघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत.
शेवंतीआते म्हणते, "सही करतंय गो,
पण आधी तुझ्या लग्नाचा काय ता सांग."
पाणाड्याला नेलं होतं मार्गशीर्षात.
सत्तर फुटांवर पाणी, म्हणाला, बघ,
नारळ तळहातावर उभा राहिला.
मला तो आडवाच दिसला. पाचशे दिले.

तिथे काही नाही. कातळ, करवंदीची जाळी,
श्रावण सरताना महिनाभर निळी फुलं,
खाली समुद्र, पण आवाज येत नाही इतका खाली.
पहिल्या पानावर मी एक खोली काढली होती.
पश्चिमेला खिडकी, चार शेळ्या, एक चटई.
हाक मारणारं कुणी नाही.

माघात आईसाठी चूल वाढवली.
मग पायऱ्या खोडून उतार केला.
या महिन्यात संडासाचं दार अडीच फुटांचं तीन केलं,
खुर्ची वळायला हवी म्हणून.
घर बरंच मोठं झालंय आता.
त्यात मी कुठे निजते, ते लिहायचं राहिलंय.

एक ओळ लिहिली होती, ती खोडली:
पाइप जितका घट्ट बसवेन,
तितकी मीही इथेच…
पाना फिरवताना आलं होतं मनात.
फिरवला तरी शेवटचा अर्धा आटा.

"माका आधार नको," बाबा म्हणाले.
अर्ध्याच ओठांनी, म्हणून
मला ऐकू आलं ते नुसतं "नको".
दिवसभर भिंत धरूनच गेले. पाइपकडे बघितलंही नाही.

रात्री अडीच वाजता अंगठी वाजली पाइपवर.
टिंग.
मग बराच वेळ काही नाही.
मी उठून बसले, उतरले नाही.
टिंग.
बालदीत तांब्या बुडाल्याचा आवाज.
शेजारच्या अंथरुणावर आई जागीच होती,
तीही हलली नाही.
परतीच्या टिंग मोजल्या मी, चार.
पाइपला चौथीनंतर संपायचंच असतं.
तिथून दरवाज्यापर्यंत दोन पावलं मोकळी आहेत,
तिथे काय धरलं त्यांनी, कळलं नाही.

उद्या बिट परत द्यायचाय.
टोक बोथट झालंय, तसा देता येणार नाही.
नवीनच घ्यावा लागणार. दोन घेईन.
दोन पावलांची भिंत उरलीय,
आणि सड्यावरही चिराच आहे.